पहिल्या गाडीच्या आधी

दापोली–खेड, पाच चाळीस.
तिची कंडक्टर मी, राहणार आसूद.
पहिल्या गाडीपर्यंत पोचवणारी गाडी
कुठल्याच वेळापत्रकात नसते,
म्हणून चारला अंगणातून सायकल काढते.

पौषात मतलई वारा सुटतो.
दिवसभर समुद्राकडून घेतलेलं
जमीन रात्री परत करते,
आणि तो सगळा हिशेब
चढावर माझ्या छातीशी येऊन थांबतो.

पहिल्या हिवाळ्यात शाल होती.
पुलाच्या अलीकडे तिचं टोक चेनमध्ये गेलं.
गुडघे फुटलेली मी
अंधारात शालीशी भांडत बसले.

मग स्वेटर. जावेनं तीन महिने विणलेला,
उलट-सुलट, मधे वेलबुट्टी.
घरात ऊब. घाटीत
वारा एकेका टाक्यातून आत येतो,
जाळ्यातून पाणी जावं तसा,
आणि मासळी म्हणून मीच अडकते.

मग नवऱ्याचा पावसाळी कोट.
वारा बाहेर, कबूल,
पण घामही आत.
सड्यावर पोचेपर्यंत थंडीला
मीच आतून कडी काढून दिलेली.

मग दिराचं बोटीवरचं काळं जाकीट,
वाऱ्याला दाद न देणारं.
त्यात मी गरम होते
आणि नव्हतेच.
चिऱ्यांचा ट्रक इतक्या जवळून गेला
की फाळक्यावरचं नाव
बोटांनी वाचता आलं असतं.

त्याच संध्याकाळी गफूर मुकादमाच्या दुकानात.
त्यानं भाव नाही सांगितला.
छत्रीचं कापड माझ्या तोंडाशी धरलं,
पलीकडे स्वतःचा तळहात.
"फुंक."
फुंकलं.
"लागतंय. हे नको."
दुसरं. तिसरं.
ब्लाऊज न्यायला आलेल्या पोरी हसत होत्या.

"पुढून हे. पाठीला जाळीचं,
पाठीला कुठे लागतो वारा? तिला श्वास घेऊ दे.
मनगटाला इलॅस्टिक. मागून चार बोटं जास्त,
वाकलीस की कंबर उघडी पडते."
वाकण्याचं माप त्यानं
मला स्टुलावर बसवून,
मशीनची कड हँडलसारखी धरायला लावून घेतलं.

रंगावर अडलं.
मला अबोली हवा होता.
"अबोली रात्री बोलत नाय गो," म्हणाला,
आणि ताग्यांच्या तळातून काढला एक पोपटी-पिवळा,
कच्च्या लिंबावर बॅटरी मारल्यासारखा.
आमच्याकडे चारचौघांत उठून दिसणं
हे बाईबद्दल तक्रार म्हणून सांगतात.
मी घडी घातली, उलगडली,
परत घातली.

चकाकत्या पट्ट्या मात्र मीच आणल्या होत्या,
खेडच्या भंगारवाल्याकडून,
महामार्गावरच्या कुणाच्या तरी फाटक्या जाकिटाच्या.
"छातीवर ठीक. पण घोट्यांना पण लाव.
जे हलतं, त्याला डोळा धरतो."
शिलाई दोनशे सत्तर. दहा त्यानं सोडले नाहीत.

पहिल्या पहाटे हर्णैचा मासळीचा टेम्पो
मागून आला, पाणी गाळत, रोजचाच.
रोजचा हॉर्न नाही.
लांबूनच दिवे खाली केले,
आणि माझ्यापासून एक अख्खी बैलगाडी जाईल
इतका बाजूनं गेला.
बर्फाचं पाणी अंगावर उडालं नाही.
वारा आला, छातीवर फडफडला,
आणि तिकीट न काढताच मागे उतरून गेला.

डेपोत जाकीट मशीनच्या पेटीखाली.
वर खाकी.

खिडकीशी एक आजोबा,
त्याच टेम्पोतनं हर्णैहून आलेले,
शेजारच्याला सांगत होते:
"आसूदच्या वरल्या वळणावर व्हता.
डोकं नाय, हात नाय, नुसता पिवळा.
नि खाली दोन ठिणग्या,
वर-खाली, वर-खाली.
डायवरानं दिवे पाडले, रामनाम घेतलान."

"खेड?" मी विचारलं.
"खेड एक. सुट्टे नायत."
मी मोड मोजून दिली.
ड्रायव्हरनं आतले दिवे लावले,
आणि आजोबा पैसे मोजता मोजता
माझ्या घोट्यांकडे बघत राहिले.